खो मिळण्याआधीची धडधड
वाचकांचे प्रश्न, मानसशास्त्राची उत्तरे

स्वप्नांविषयी विचारणाऱ्या पत्रांत बहुधा भीतीचीच स्वप्ने असतात. या वेळी मात्र काही वाचकांनी वेगळा प्रश्न केला आहे. स्वप्नात मन उसळून येते, छाती धडधडते, जाग आल्यावरही तो आवेग काही काळ अंगात राहतो, तर त्याचा अर्थ काय? त्यांपैकी चार पत्रे येथे घेतली आहेत. नावे आणि गावे पत्रलेखकांच्या इच्छेनुसार गाळली आहेत.

प्रश्न : माझे वय ४६ आहे. शाळेत असताना मी खो-खो खेळत असे आणि आमचा संघ जिल्हा पातळीपर्यंत गेला होता. बारावीनंतर लग्न झाले आणि मैदान सुटले. गेल्या जूनपासून महिन्यातून दोन-तीनदा मला एकच स्वप्न पडते. मी मैदानावर रांगेत उकिडवी बसले आहे, मागून पाठलाग करणाऱ्या मुलीच्या पावलांचा आवाज येतो आहे आणि आता कोणत्याही क्षणी पाठीवर खो पडेल, या जाणिवेने माझे सगळे अंग ताणलेले असते. ती भीती नसते, फार सुंदर काहीतरी असते. पण खो मिळण्याआधीच मला जाग येते. पुढची दहा-पंधरा मिनिटे मन भरलेले असते आणि मग एकदम रिकामे वाटू लागते. यजमान म्हणतात, ही अतृप्त इच्छा आहे. बहिणीने स्वप्नफलाच्या पुस्तकात पाहून मैदान म्हणजे प्रवासात खर्च, असे सांगितले. या वयात असे स्वप्न पडणे बालिशपणाचे आहे का? (जाता जाता सांगते, गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेतील मुलींना संध्याकाळी खो-खो शिकवाल का, असे मुख्याध्यापकांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत विचारले होते. घरचे पाहून कळवते, असे मी सांगितले आहे.)

उत्तर : तुमच्या पत्रातले सर्वांत मोलाचे वाक्य म्हणजे ‘ती भीती नसते’. स्वप्नाचा विचार करताना आपण बहुतेक वेळा चित्राच्या मागे लागतो आणि मैदान म्हणजे काय, पावले म्हणजे काय, पाठ म्हणजे काय, असे विचारत बसतो. भावनेचे नाव नेमके घेणे मात्र राहून जाते. मराठीत या एका आवेगासाठी किती शब्द आहेत ते पाहा. उत्कंठा, हुरूप, थरार, उत्तेजना, हुरहुर, कासाविशी. यांतला प्रत्येक शब्द वेगळ्या अवस्थेचा आहे. हुरहुरीत काहीतरी निसटल्याची किनार असते, थरारात धोक्याची, हुरुपात काम हाती घेण्याची. तुम्ही वर्णन केलेली अवस्था उत्कंठेची आहे. काही घडून गेलेले नाही, ते घडण्याच्या अगदी तोंडाशी आलेले आहे.

आता हा आवेग स्वप्नात इतका प्रबळ का असतो, ते पाहू. १९५३ साली शिकागो विद्यापीठात युजीन ॲसेरिन्स्की आणि नॅथॅनियल क्लाइटमन यांनी झोपेची एक विशिष्ट अवस्था नोंदवली. तिच्यात मिटलेल्या पापण्यांखाली डोळे वेगाने हलतात आणि त्या वेळी उठवल्यास माणूस बहुधा स्वप्न सांगतो. या अवस्थेला रेम झोप म्हणतात. पुढे १९९०च्या दशकात मेंदूची छायाचित्रणे झाली, तेव्हा असे दिसले की रेम झोपेत भावनांशी संबंधित भाग, विशेषतः अमिग्डाला नावाचा बदामाच्या आकाराचा छोटा भाग, फार क्रियाशील असतो, तर तर्क, नियोजन आणि आत्मपरीक्षण यांत गुंतलेल्या कपाळामागच्या भागाचे काम मंदावलेले असते. भावना पूर्ण तेजाने जळत असते आणि तिला ‘थांब, तू आता ४६ वर्षांची आहेस’ असे सांगणारा भाग विसावलेला असतो. म्हणून स्वप्नातला आनंद आपल्याला जागेपणीच्या आनंदापेक्षा अधिक निर्भेळ वाटतो. त्यात बालिश काहीही नाही. प्रत्येक वयाच्या, प्रत्येक निरोगी माणसाच्या मेंदूची ही रोजची घडण आहे.

खो मिळण्याआधीच जाग येते, ही तुमची तक्रार आहे. माझ्या मते स्वप्नाचा खरा आशय तेथेच आहे, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने लिहिते. मार्क सोल्म्स या मेंदूशास्त्रज्ञाने १९९७ साली मेंदूला इजा झालेल्या अनेक रुग्णांच्या अभ्यासातून एक महत्त्वाची गोष्ट पुढे आणली. मेंदूच्या पुढच्या भागातील एक विशिष्ट मार्ग तुटला, तर माणसाची स्वप्ने थांबतात आणि त्याचबरोबर जागेपणी आपणहून काही करावेसे वाटणेही विझते. या मार्गावरून डोपामिन हे रसायन कार्य करते. डोपामिनला लोक ‘आनंदाचे रसायन’ म्हणतात, पण ते नाव फसवे आहे. वुल्फराम शुल्ट्झ यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांत असे आढळले की, फळाचा रस मिळणार असल्याची खूण माकडाला ओळखता येऊ लागली की डोपामिनच्या पेशी रस मिळाल्यावर नव्हे, तर ती खूण दिसताच उसळतात. म्हणजे हे रसायन मिळाल्याच्या समाधानापेक्षा मिळवण्याच्या ओढीचे अधिक आहे. सोल्म्स यांचे म्हणणे मान्य केले, तर स्वप्न पाहणारा मेंदू मुळात शोध घेणारा, पुढे झेपावणारा मेंदू आहे. (स्वप्नांच्या उगमाविषयी सगळे शास्त्रज्ञ त्यांच्याशी सहमत नाहीत. मेंदूच्या देठातून उठणाऱ्या संदेशांना मेंदूचे वरचे थर कशीबशी गोष्ट जोडतात, असे मत ॲलन हॉब्सन आणि रॉबर्ट मॅकार्ली यांनी १९७७ साली मांडले होते आणि त्यातला काही भाग आजही टिकून आहे.) त्या दृष्टीने तुमचे स्वप्न अपुरे राहिलेले नाही. पाठीवर थाप पडण्याची वाट पाहणे, हेच ते स्वप्न आहे.

यजमानांच्या मताविषयी. फ्रॉइड यांनी १९०० सालच्या आपल्या ग्रंथात स्वप्न म्हणजे इच्छापूर्ती, असे प्रतिपादन केले आणि तेव्हापासून ‘अतृप्त इच्छा’ हा शब्द घरोघरी पोहोचला. त्याच ग्रंथात त्यांनी आणखी एक गोष्ट नोंदवली होती, ती मात्र तितकी पसरली नाही. स्वप्नात आदल्या दिवसांतले एखादे ताजे, अनेकदा क्षुल्लक वाटणारे धागेदोरे सापडतात. नंतरच्या संशोधकांनी हे अधिक साध्या रीतीने मांडले. अमेरिकेतील कॅल्व्हिन हॉल यांनी हजारो स्वप्ने गोळा करून पाहिली आणि स्वप्नांचा आशय माणसाच्या जागेपणीच्या काळज्या, नाती आणि आवडी यांच्याशी सलग असतो, असा निष्कर्ष काढला. ‘मनी वसे ते स्वप्नी दिसे’ ही आपली म्हण याहून वेगळे काही सांगत नाही. बहिणीच्या पुस्तकाविषयी मात्र स्पष्ट सांगते. मैदानाचा अर्थ सर्वांसाठी एकच असू शकत नाही. ज्याचा त्याच मैदानावर पाय मोडला, त्याला ते मैदान दिसणे आणि तुम्हाला दिसणे, यांत काहीच साम्य नाही. असली पुस्तके बाजूला ठेवावीत, असेच मी म्हणेन.

अर्नेस्ट हार्टमन या मनोविकारतज्ज्ञांचे निरीक्षण तुमच्या उपयोगाचे आहे. आगीतून बचावलेली माणसे पुष्कळदा आगीऐवजी अंगावर येणाऱ्या प्रचंड लाटेचे स्वप्न पाहतात, हे त्यांच्या लक्षात आले. भावना आधी असते आणि मेंदू तिला शोभेल असे चित्र जुन्या साठ्यातून शोधून आणतो, असा अर्थ त्यांनी लावला. तुमच्या साठ्यात ‘आता मला उठून धावायचे आहे’ या भावनेचे सर्वांत समर्पक चित्र कोणते असणार? पंधराव्या वर्षी रांगेत उकिडवे बसून ऐकलेली पावले. म्हणून स्वप्नात शाळेचे मैदान आले, याचा अर्थ मन भूतकाळात अडकले आहे, असा होत नाही. चित्र जुने आहे, भावना आजची असू शकते.

आणि तुमच्या कंसातल्या दोन वाक्यांकडे आता या. मुख्याध्यापकांनी उन्हाळ्यात विचारले, तुम्ही उत्तर राखून ठेवले आणि जूनपासून स्वप्न सुरू झाले. इतक्या लांबून मी छातीठोकपणे काही सांगणार नाही आणि स्वप्नाने आज्ञा केली आहे, असे तर मुळीच म्हणणार नाही. पण कोणीतरी मागून येते आहे, खो देणार आहे आणि तुम्हाला उठायचे की नाही, हे अजून ठरलेले नाही, ही अवस्था तुमच्या जागेपणी कोठे आहे, हे तुमचे पत्रच सांगते. जाग आल्यानंतरचे रिकामेपणही मला त्यामुळे वेगळे दिसते. ते मैदान गमावल्याचे दुःख असू शकेल, पण उत्तर न दिल्याची टोचणी असण्याची शक्यता अधिक वाटते. घरची अडचण खरी असेल, तर आठवड्यातून दोनच संध्याकाळी येईन, असे सांगून पाहता येईल. नकारच द्यायचा असला, तरी तो देऊन टाका. टांगून ठेवलेल्या गोष्टी मनाला सारख्या उठवत राहतात.

पुढच्या वेळी जाग आली की लगेच कूस बदलू नका आणि मोबाइल हातात घेऊ नका. आधी भावनेला नाव द्या, मग चित्र आठवा, आणि मग स्वतःला विचारा : गेल्या आठवडाभरात असेच मला केव्हा वाटले होते? मी एक दिवस न म्हणता आठवडा म्हणते, कारण काही अनुभव त्याच रात्री आणि मग पुन्हा पाच ते सात दिवसांनी स्वप्नात उमटतात, असे संशोधनात दिसले आहे. चार-सहा वेळा अशी टिपणे झाली की तुमच्या स्वप्नांची वहिवाट तुम्हालाच दिसू लागेल.

प्रश्न : मी २५ वर्षांचा असून पुण्यात राहून राज्यसेवेची तयारी करतो. मुख्य परीक्षा जवळ आली आहे. मला पहाटे स्वप्न पडते की निकाल लागला, यादीत माझे नाव आहे, गावात गुलाल उधळला जातो आहे. मी इतका उत्तेजित होतो की उठल्यावर हात थरथरतात. आई म्हणते पहाटेचे स्वप्न खरे होते. अभ्यासिकेतला मित्र म्हणतो स्वप्नात जे मिळते ते जागेपणी मिळत नाही. दुसऱ्या बाजूने, कधी कधी स्वप्नात मी परीक्षा केंद्रावर उशिरा पोहोचतो आणि मग दिवसभर हातपाय गळतात.

उत्तर : आईच्या म्हणण्यामागे शतकानुशतकांचे निरीक्षण आहे, त्यातून काढलेला निष्कर्ष मात्र बरोबर नाही. रात्रभरात साधारण दीड-दीड तासाची झोपेची आवर्तने होतात आणि प्रत्येक आवर्तनागणिक रेम झोपेचा काळ वाढत जातो. प्रौढ माणसाच्या एकूण झोपेचा सुमारे पाचवा ते चौथा हिस्सा रेम झोपेचा असतो आणि त्यातला मोठा वाटा रात्रीच्या शेवटच्या प्रहरांत येतो. त्यामुळे पहाटेची स्वप्ने लांब, रंगीत आणि भावनेने ओथंबलेली असतात. शिवाय त्यांतूनच थेट जाग येत असल्यामुळे ती लक्षात राहतात. जे लक्षात राहते त्यातले काहीतरी कधीतरी जुळते, आणि न जुळलेल्या शेकडो स्वप्नांची मोजदाद कोणी ठेवत नाही. मित्राच्या उलट्या नियमालाही हेच लागू आहे.

परीक्षेच्या स्वप्नांविषयी मात्र खरी माहिती उपलब्ध आहे आणि ती तुम्हाला धीर देईल. पॅरिसमधील निद्रातज्ज्ञ इझाबेल आर्नुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वैद्यकीय शाखेची कठीण स्पर्धा परीक्षा देणाऱ्या विद्यार्थ्यांची पाहणी केली आणि ती २०१४ साली प्रसिद्ध झाली. त्यात ७१९ विद्यार्थ्यांनी माहिती दिली. परीक्षेच्या आदल्या रात्री ६० टक्क्यांहून अधिक जणांना परीक्षेचेच स्वप्न पडले होते आणि त्यांतल्या तीन-चतुर्थांशांहून अधिक स्वप्नांत काहीतरी बिघडले होते. प्रामुख्याने उशीर झाला होता किंवा उत्तरे आठवत नव्हती. ज्यांना परीक्षेची स्वप्ने अधिक पडली, त्यांचे गुण सरासरीने अधिक होते. स्वप्नामुळे गुण वाढले, असे यातून सिद्ध होत नाही. मनापासून गुंतलेल्या विद्यार्थ्याला स्वप्नेही अधिक पडत असतील, असेही असू शकते. पण उशीर होण्याचे स्वप्न हा अपशकुन नाही, एवढे निश्चित म्हणता येते. त्या विद्यार्थ्यांपैकी काहींना तर स्वप्नातल्या गोंधळामुळे घड्याळाचा गजर आणि जाण्याची वाट पुन्हा तपासाविशी वाटली असेल, असे मला वाटते. तुम्हीही त्या स्वप्नाचा तेवढाच उपयोग करा. केंद्राचा पत्ता एकदा प्रत्यक्ष जाऊन पाहून या.

मला काळजी वाटते ती गुलालाच्या स्वप्नाची, आणि तीही स्वप्नाची नव्हे, तर ते दिवसभर घोळवत बसण्याची. मानसशास्त्रज्ञ गाब्रिएले ओटिंगन यांनी जागेपणीच्या कल्पनारंजनावर दीर्घकाळ काम केले आहे. यश मिळेल अशी अपेक्षा बाळगणाऱ्यांना फायदा होतो. पण यश मिळालेच आहे अशा सुखद चित्रात रमणाऱ्यांचे प्रयत्न मात्र कमी पडतात, असे त्यांना दिसले. मिळाल्याचे सुख मनाने आधीच भोगले की धावण्याचा जोर ओसरतो. म्हणून उठल्यावर पाच मिनिटे तो आनंद मनसोक्त घ्या, तो तुमचाच आहे, आणि मग त्या दिवशीचा सर्वांत अवघड घटक उघडा. हात थरथरण्याविषयी : रेम झोपेत हृदयाची आणि श्वासाची गती अनियमित होते, त्यामुळे एकदम जाग आली तर असे होऊ शकते. रात्री उशिरापर्यंत चहा-कॉफी चालू असेल तर ती संध्याकाळनंतर बंद करा. आणि रात्री तीन-चार तासच झोपूनही थकवा वाटत नाही, विचार धावत आहेत, बोलणे वाढले आहे, खर्च वाढला आहे, असे सलग काही दिवस झाले, तर तो स्वप्नाचा विषय राहत नाही. मग विलंब न करता मनोविकारतज्ज्ञांना भेटा.

प्रश्न : वय २७, अविवाहित. स्वप्नात कधी कधी ज्यांच्याविषयी मनात फक्त आदर आहे अशी व्यक्ती दिसते आणि जाग येते तेव्हा शरीर उत्तेजित असते. मला स्वतःची घृणा वाटते. माझ्या मनात खोलवर काही वाईट आहे का?

उत्तर : नाही. रेम झोपेत पुरुषांच्या जननेंद्रियाकडे रक्तप्रवाह वाढतो आणि तो स्वप्नात काय चालले आहे यावर अवलंबून नसतो, हे १९६०च्या दशकापासून प्रयोगशाळांत पुन्हा पुन्हा दिसले आहे. हे अगदी तान्ह्या मुलापासून वृद्धापर्यंत घडते. स्त्रियांच्या शरीरातही असाच बदल होतो. म्हणजे तुमच्या शरीराची उत्तेजना त्या व्यक्तीमुळे निर्माण झाली, असा पुरावा तुमच्याकडे नाही. शरीर आपला नेम पाळत होते आणि त्याच वेळी मन दिवसभरातल्या ओळखीच्या चेहऱ्यांतून गोष्ट विणत होते.

आपल्या भाषेने या बाबतीत तरुणांवर मोठा अन्याय केला आहे. झोपेत वीर्यपतन होण्याला आपण ‘स्वप्नदोष’ म्हणतो. ज्यात कोणताही दोष नाही, त्या गोष्टीच्या नावातच दोष बसवला आहे. ‘धातू जाणे’ या समजुतीपायी खंगत जाणाऱ्या तरुणांच्या त्रासाला मनोविकारतज्ज्ञ डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी १९६० साली ‘धात सिंड्रोम’ असे नाव दिले. इतक्या वर्षांनंतरही ती मुले आमच्याकडे येतच आहेत, याचे मला फार वाईट वाटते. त्या व्यक्तीशी तुम्ही दिवसा कसे वागता, तेवढ्याचेच तुम्ही उत्तरदायी आहात. जाहिरातीतली औषधे घेऊ नका.

प्रश्न : माझे यजमान ६६ वर्षांचे, निवृत्त शिक्षक, स्वभावाने अत्यंत शांत आहेत. वर्षभरापासून ते पहाटे झोपेत ओरडतात, हात उगारतात, लाथा मारतात. उठवले तर म्हणतात, कुत्रे अंगावर आले होते, किंवा चोराशी झटापट चालली होती. एकदा पलंगावरून पडले. त्यांच्या मनात दडपलेला राग आहे का? आयुष्यभर त्यांनी कोणाला आवाज चढवून बोललेले नाही.

उत्तर : या पत्राचे उत्तर मी आधीच टपालाने पाठवले आहे, कारण ते अंकाची वाट पाहण्यासारखे नव्हते. अशाच अवस्थेतून जाणाऱ्या इतर कुटुंबांसाठी येथे छापते.

रेम झोपेत मेंदू हातापायांच्या स्नायूंना जवळजवळ पूर्ण शिथिल करतो. आपण स्वप्नात धावतो आणि अंथरुणात निश्चल असतो, ते यामुळेच. काही माणसांत, बहुधा पन्नाशीनंतर आणि पुरुषांत अधिक, ही व्यवस्था बिघडते आणि स्वप्नातली हालचाल प्रत्यक्ष अंगात उतरते. अमेरिकेतील मिनिआपोलिस येथील कार्लोस शेंक आणि मार्क महोवाल्ड यांनी १९८६ साली या विकाराचे वर्णन केले. अशा रुग्णांची स्वप्ने पुष्कळदा हल्ल्याची आणि बचावाची असतात. मात्र त्यांच्या दिवसाच्या स्वभावात आक्रमकपणा अधिक नसतो, असे अभ्यासात आढळले आहे. तेव्हा तुमच्या यजमानांच्या शांतपणाखाली राग शोधू नका. त्यांच्यावर असा संशय घेणे त्यांना फार लागेल.

त्यांना मेंदूविकारतज्ज्ञांकडे न्या. काही रुग्णांत हा विकार कंपवातासारख्या आजाराच्या अनेक वर्षे आधी दिसतो, म्हणून नियमित तपासणी हवी. दुसऱ्या बाजूने, नैराश्यावरील काही औषधांमुळे किंवा झोपेत श्वास अडकण्यामुळेही असेच चित्र दिसते आणि त्याचे उपाय वेगळे आहेत. सर्व चालू औषधांची यादी बरोबर ठेवा, पण कोणतेही औषध आपल्या मनाने बंद करू नका. शक्य झाल्यास एखाद्या पहाटेचा प्रकार मोबाइलवर चित्रित करून डॉक्टरांना दाखवा. ते रात्रभराची झोपेची चाचणी सुचवतील. तोपर्यंत यजमानांचे अंथरूण जमिनीवर घाला, जवळची काचेची आणि टोकदार वस्तू हलवा, आणि तुम्ही त्याच खोलीत, पण वेगळ्या अंथरुणावर झोपा. झटापट सुरू असताना त्यांना धरून ठेवू नका. थोडे लांब उभे राहून नावाने हाक मारा.